मधले तीन आकडे

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो गाडीच्या मागच्या उजव्या चाकाच्या जागी कुशीवर पडला होता आणि तिसरा ठोका मारायचा राहिला होता. चाक काढून भिंतीला टेकवलं होतं. गाडी जॅकवर होती, शिवाय जॅकच्या जोडीला दोन लाकडी ठोकळे होते. एकट्या जॅकवर विसंबणाऱ्यातला तो नव्हता. दोन ठोके झाले होते. पहिल्याने आठ उमटला होता, दुसऱ्याने तीन. आता पाचाचा पोलादी ठसा त्याने डाव्या हाताच्या चिमटीत धरला, जुन्या पाचाच्या पुसट खुणेवर टेकवला, अंगठ्याने चाचपून केसभर उजवीकडे सरकवला आणि हातोडी मारली. एकदाच. दुसऱ्यांदा मारली की आकड्याला दुहेरी कड येते आणि मग कुणीही आंधळा सांगतो की हे नंतर झालं आहे.

तिन्ही आकडे त्याने दिव्याच्या तिरप्या उजेडात पाहिले. गाडी बनवणाऱ्या कारखान्याच्या तिनाचं डोकं सपाट होतं, त्याच्याकडच्या संचातल्या तिनाचं गोल. म्हणून आदल्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्याने तिनाच्या ठशाचं डोकं घासून सपाट केलं होतं. आता ते तंतोतंत जुळलं. ठोक्याने वर आलेली कड त्याने बारीक कानशीने दोन हात देऊन उतरवली, त्यावर काळ्या रंगाचा पातळ हात मारला आणि दिवा जवळ ओढून रंग सुकवत बसला. साडेसहाला चाक परत चढवलं. नट आवळताना त्याचे हात थरथरत नव्हते. हात त्याचे कधीच थरथरत नसत, आणि पुढे जे झालं त्यात याचाही वाटा होता.

गॅरेजमध्ये त्याला सगळे कानस म्हणत. वय सत्तेचाळीस. एकोणतीस वर्षं ठोकलेल्या, चेपलेल्या, उलटलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात गेलेली. त्याच्या हातून गेलेला वेल्डिंगचा सांधा बोट फिरवून सापडत नसे. ज्या जागा गाडी भंगारात जाईपर्यंत कुणाच्या नजरेला पडणार नाहीत, त्याही तो घासायचा. शेजारच्या शेडमधला पेंटर म्हणायचा, "ह्याच्या हातात कलिंगड देऊ नका. संध्याकाळपर्यंत घासून गोटी करून देईल, आणि वर विचारेल, अजून थोडं गुळगुळीत करू का?" या टोमण्याचं त्याला वाईट वाटत नसे. थोडा अभिमानच वाटे.

लग्न झालेलं नव्हतं. घरात तो आणि त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी बहीण. बावीस वर्षांपूर्वी गोदामाच्या लोखंडी जिन्यावरून पडून तिच्या पाठीचा कणा मोडला, तेव्हापासून कमरेखालचं अंग गेलेलं. डोकं आणि जीभ मात्र दुप्पट चालायला लागली, असं ती स्वतःच सांगायची. रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये ती फोन घेत असे. लोक घाबरून काहीही बोलतात, पत्ता सोडून सगळं सांगतात. त्यांच्याकडून पत्ता काढून घ्यायचा आणि जवळची गाडी पाठवायची, हे तिचं काम. सोळा वर्षांत तिच्या हातून चुकीच्या पत्त्यावर एकही गाडी गेली नव्हती.

गाडी तिच्यासाठी होती. मुळात बेकरीचा माल वाहणारी व्हॅन. जुन्या गावी त्याने ती विकत घेतली आणि सहा महिन्यांचे रविवार घालून तिच्या मागच्या दारात लिफ्ट बसवली: ट्रकच्या मागच्या उचल-पाट्याचा पंप, घरी कापलेली लोखंडी फळी, दोन्ही बाजूंना कठडा, आणि बटण तिच्या उजव्या हाताशी. ती आणि तिची विजेवर चालणारी चाकांची खुर्ची मिळून दीडशे किलो भरत. हे सगळं वजन सांगाड्याच्या उजव्या बाजूवर येणार म्हणून त्याने तिथल्या लोखंडी पट्ट्यावर आणखी एक जाड पट्टी वेल्ड केली. त्याच पट्ट्यावर कारखान्याने गाडीचा सतरा अक्षरांचा चासी नंबर ठोकलेला होता, आणि तो झाकला तर गाडीची ओळखच जाते, हे त्याला ठाऊक होतं. पट्टीत त्याने नंबरापुरती आयताकृती खिडकी कापली. इतकी काळजी फार थोडे घेतात.

पण वेल्ड करण्याआधी लोखंड साफ करायचं असतं. त्याने ते साफ केलं, जसं तो आयुष्यभर करत आला होता तसं: आधी ग्राइंडरने, मग लांब कानशीने, पांढरं लख्ख होईपर्यंत, खिडकीच्या आतसुद्धा. आतलं घासायची काहीच गरज नव्हती. कारखान्याच्या आकड्यांची खोली अर्धा मिलिमीटर. घासून झाल्यावर त्याने पाहिलं तर नंबर दिसत होता, फक्त फिकट. डोळे असलेल्या माणसाला वाचता येत होता. त्याने वर रंग दिला आणि विषय संपवला.

जुन्या राज्यातला इन्स्पेक्टर डोळे असलेला माणूस निघाला. त्याने टॉर्च मारून सतरा अक्षरं वाचली, लिफ्टवर स्वतः उभा राहून वरखाली झाला, "असलं काम करून देणार का आमच्याकडे पण?" असं विचारलं आणि गाडीच्या पुस्तकात बदलाची नोंद करून शिक्का मारला. ती नोंद चार वर्षं पुरली.

मग दोन राज्यांच्या कंट्रोल रूम एकत्र झाल्या आणि बहिणीला इकडे यावं लागलं. तो तिच्यासोबत आला. तिची नोकरी होती, त्याचं नुसतं काम होतं. काम कुठेही मिळतं, असा त्याचा हिशोब. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिनेच चालवता येत होती, पुढे नोंदणी इथे करून घेणं भाग. त्यातले सात महिने जुन्या कार्यालयाकडून ना हरकत दाखला येण्यात गेले. दाखला आला तेव्हा इथल्या परिवहन कार्यालयाच्या खिडकीवरच्या कारकुनाने पुस्तकातली नोंद वाचली आणि पुस्तक काचेखालून परत सरकवलं.

"ही मान्यता त्यांची. आमची वेगळी."

"गाडी तीच आहे, साहेब."

"गाडी तीच आहे, राज्य तेच नाही."

कारकुनाने एक यादी दिली. अकरा गोष्टी. लिफ्टचा नकाशा, पंपाच्या कंपनीचा कागद, वजनकाट्याची पावती, वेल्डिंग करणाऱ्याचा परवाना, आणखी बरंच. पाच खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला एक कागद कमी निघायचा आणि तो कुठला ते आदल्या खेपेला कुणी सांगितलेलं नसायचं. यादीतल्या नवव्या ओळीत लिहिलं होतं: चासी नंबराचा पेन्सिलने काढलेला छाप; नंबर अस्पष्ट असल्यास तपासणीसाठी वेगळा अर्ज.

ती ओळ त्याने वाचली होती. वाचली त्याच दिवशी नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवूनही पाहिली होती. पहिले सात आणि शेवटचे सात उमटले, फिकट पण उमटले. मधल्या तिघांच्या जागी राखाडी पट्टा. डोळ्यांना दिसत होतं, कागदाला दिसत नव्हतं.

दुपारी जेवताना त्याने यादी पेंटरपुढे ठेवली. पेंटरने नववी ओळ मोठ्याने वाचली आणि तोंडातला घास गिळायच्या आधीच हसला.

"अर्ज करा म्हणतात. म्हणजे आपणच जाऊन सांगायचं, साहेब, आमच्या गाडीचा नंबर घासलेला आहे, तेवढं आम्हाला चोर समजा."

"मी घासलाय. चोरी नाही केली."

"कानसराव, नंबर कोण घासतं? चोर घासतो. तुम्ही सांगणार, मी सवयीने घासला. त्यावर तो काय म्हणेल? सवयीचा चोर."

पलीकडचा वेल्डर म्हणाला, "तीनच गेलेत ना? आपल्याकडे ठशांचा डबा आहे. तीन ठोके. पाच मिनिटांचं काम."

"ते चालत नाही," कानस म्हणाला.

"चालत नाही हे ज्याला कळायला हवं, त्याला कळलं तर ना. तुझ्या हातचं काम कुणाला कळलंय आजवर?"

हे वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं. स्तुती म्हणून राहिलं.

घरी त्याने बहिणीला अर्जाचं सांगितलं. ठशांचं सांगितलं नाही. तिने आधी तिच्या पद्धतीने प्रश्न विचारले, एकापाठोपाठ एक, आवाज न चढवता.

"अर्ज केला तर किती दिवस?"

"आठ-दहा म्हणतात. प्रयोगशाळेचा माणूस येतो, कसलं तरी रसायन लावतो, आतला ठसा वर येतो."

"तेवढे दिवस गाडी कुठे?"

"त्यांच्या आवारात."

"आणि मी?"

सिटी बसला तीन पायऱ्या होत्या. टॅक्सीवाले खुर्ची बघितली की पुढे जात. सरकारी सोयीच्या गाडीसाठी नाव नोंदवायचं तर सहा आठवडे. आणि नव्या कंट्रोल रूममध्ये ती अजून पक्की झालेली नव्हती. अठरा महिने कच्ची नेमणूक, त्यात तिसरा लेटमार्क लागला की नाव कमी, असं पत्रातच लिहिलेलं होतं. तिला दोन लागले होते. एक चाक पंक्चर झालं त्या दिवशीचा. दुसरा, इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि ती तळमजल्यावर चाळीस मिनिटं बसून राहिली त्या दिवशीचा. त्या दिवशी तिने खालूनच वर फोन लावून सांगितलं होतं, मी हजर आहे, फक्त उभी दिशा बंद आहे. वरिष्ठ हसले आणि त्यांनी लेटमार्क लावला.

"तरी अर्ज कर," ती म्हणाली. पण तिने ते एकदाच म्हटलं. एरवी ती पाठ सोडत नसे.

हे तीन आठवड्यांपूर्वीचं. आज मंगळवार होता आणि गुरुवारी बारा महिने पुरे होणार होते.

दहाच्या सुमारास ते कार्यालयाच्या मागच्या आवारात पोचले. लांबट डांबरी पट्टा, त्यावर पांढऱ्या रेघा, कडेला ब्रेक तपासायचे रूळ आणि एका कोपऱ्यात तारेच्या कुंपणाआड जप्त गाड्या. कुंपणातल्या गाड्यांच्या काचांवर इतकी धूळ होती की कुणीतरी एकीवर बोटाने 'मला घरी न्या' असं लिहिलं होतं. बहिणीने ते वाचलं आणि म्हणाली, "हिला बोलता आलं असतं तर पत्ता विचारला असता." आज तिची पाळी होती, पण लिफ्ट वजनासकट चालवून दाखवायची होती म्हणून तिने सुट्टी बदलून घेतली होती.

तपासणीला एक बाई आल्या. साठीला टेकलेल्या, खाकी शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली, पायात जाड तळाचे बूट. लोक त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी आधी बहिणीला नमस्कार केला, मग गाडीकडे पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी कानसकडे.

"लिफ्ट कुणी बसवली?"

"मी."

"कुठल्या कंपनीत?"

"घरी. रविवारी."

मॅडमनी बहिणीला लिफ्टवर घेऊन फळी वर न्यायला, अर्ध्यात थांबवायला, पुन्हा खाली आणायला सांगितलं. अर्ध्यात थांबली तेव्हा फळीच्या टोकावर स्वतःचं वजन टाकून पाहिलं. फळी हलली नाही. कोनमापक लावला, पंपाची नळी बोटाने चाचपली, गाडी रुळांवर घेऊन ब्रेक पाहिले. प्रत्येक वेळी फॉर्मवर एक खूण. चाळीस मिनिटं हे चाललं होतं.

"मी आठ महिन्यांत असल्या अकरा गाड्या नाकारल्या," मॅडम म्हणाल्या. "ही पहिली आहे जी कंपनीच्या लिफ्टपेक्षा बरी आहे. बाई, तुमचा कोण हा?"

"धाकटा भाऊ. शाळेत गणितात नापास होता," बहीण म्हणाली.

"गणिताने काही अडलेलं दिसत नाही."

कानसने खाली पाहिलं. त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं वाटत होतं, असं त्याने नंतर जबाबात सांगितलं. जबाब घेणाऱ्याने ते लिहून घेतलं नाही.

मग मॅडम मागच्या उजव्या चाकाशी गुडघ्यावर बसल्या. खिडकी पाहून त्यांनी मान हलवली, पसंतीची. खिशातून पातळ कागद काढून नंबरावर धरला आणि पेन्सिल आडवी करून फिरवली. सतरा अक्षरं उमटली. त्यांनी कागद उजेडात धरला, गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहिला. सगळं जुळत होतं. कानस दोन पावलं मागे उभा होता. मॅडम तो कागद फॉर्मला टाचणार, इतक्यात थांबल्या. त्यांनी तो पुन्हा धरला, लांब. मग चष्मा काढून जवळ. मग कागद बाजूला ठेवून अंगठा नंबरावरून फिरवला, डावीकडून उजवीकडे, सावकाश, डोळे मिटून.

"हा नंबर घासलेला आहे," त्या म्हणाल्या.

"हो. वेल्डिंगच्या आधी साफ केला. मीच."

"कशाने?"

"कानशीने."

"लांब कानस? दोन्ही हातांनी?"

"हो."

"मग मला एक सांगा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, एखाद्या जुन्या सहकाऱ्याला शंका विचारावी तसा स्वर होता. "कानस या टोकापासून त्या टोकाला जाते. जोर मध्ये पडतो. सगळ्यात जास्त घासलं जातं ते मधलं. बरोबर?"

त्याने मान हलवली.

"इथे कडेचे चौदा घासलेले आहेत. मधले तीन नाहीत. मधले तीन सोडून कानस चालवता येते का?"

एकोणतीस वर्षांत त्याने हजारो पट्ट्या घासल्या होत्या. प्रत्येक नव्या पोऱ्याला पहिल्या दिवशी तो हेच शिकवायचा, मध्ये दाबू नको, मध्ये खड्डा पडतो. तिनाचं डोकं सपाट करायला त्याने दुपारची अख्खी सुट्टी घालवली होती. ठोका एकच मारला होता. कड उतरवली होती. रंग सुकवला होता. आणि खड्ड्याच्या तळाशी तीन आकडे खोल, स्वच्छ, नवेकोरे बसवून ठेवले होते. घासायच्या कामात मुरलेल्या माणसाला दुरून दिसावेत असे.

"कालचे आहेत का?" मॅडमनी विचारलं.

"आजचे," तो म्हणाला. "सकाळी सहा दहाचे."

मॅडम गुडघ्यावर हात टेकून उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला. फॉर्मवरच्या सगळ्या खुणांकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"तुमच्याकडे यादी होती ना? नववी ओळ वाचली होती?"

"वाचली होती."

"मग?"

"अर्ज केला तर चोर समजतात, असं..."

"कोण म्हणालं?"

त्याने कुणाचं नाव घेतलं नाही. मॅडमनी पेन्सिल खिशात ठेवली.

"वर्षाला चाळीसेक अर्ज येतात नवव्या ओळीचे. गंज लागतो, अपघात होतो, कुणी पत्रा घासतो. माणूस येतो, रसायन लावतो, आतलं लोखंड दाबलेलं असतं ते दिसतं. आठ दिवस. जुन्या आकड्यावर नवा ठोकला की आतलं जुनं चिरडून जातं. मग रसायनाला काही सापडत नाही. आता ही गाडी या पुस्तकातलीच आहे, हे मला सिद्ध करता येणार नाही. तुम्हालाही येणार नाही."

"पण तेच आकडे आहेत. आठ, तीन, पाच. पुस्तकात बघा."

"पुस्तक कुणाच्याही हातात असू शकतं. घासलेल्याला माझ्याकडे फॉर्म आहे. ठोकलेल्याला फॉर्म नाही. ठोकलेल्याला पोलीस आहेत."

बहीण अजून गाडीच्या आत होती, लिफ्टच्या तोंडाशी, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून. तिला सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "किती दिवस?"

"हे दिवसांत सांगायचं काम नाही, बाई. चौकी, मग कोर्ट. माझ्या हातून फक्त कुंपणापर्यंत."

"गाडी माझ्या नावावर आहे. मग गुन्हा माझ्यावर येणार का?"

"ठोकली कुणी?"

"मी," कानस पटकन म्हणाला. त्या सकाळी तो पटकन बोलला ते एवढंच.

कार्यालयाचा एक माणूस सील आणि तार घेऊन आला. मॅडमनी त्याला थांबवलं. आधी बाईंना खाली येऊ द्या, म्हणाल्या. बहिणीने बटण दाबलं. फळी आवाज न करता खाली आली आणि जमिनीला टेकताना इतकी हळू टेकली की खुर्ची हललीसुद्धा नाही. सील घेऊन आलेला माणूस पाहत राहिला. "भारी आहे," तो म्हणाला, आणि मग आपण काय करायला आलो आहोत हे आठवून त्याने दारातून तार ओवायला घेतली.

चौकीतला जबाब दोन तास चालला. सही करताना कानसने कागद दोनदा वाचला. ठशाचा संच उद्या जमा करायचा, असं त्यात लिहिलं होतं, आणि 'सपाट केलेला तीन' वेगळ्या पाकिटात.

घर तिथून साडेचार किलोमीटर. खुर्ची फुटपाथवरून चालली होती आणि तो शेजारून. फुटपाथ जिथे संपत होता तिथे ती रस्त्यावर उतरायची, तो वाहनांच्या बाजूला व्हायचा. पहिला किलोमीटर संपल्यावर एका दुकानाच्या कट्ट्यावर टेकलेल्या कुत्र्याला वळसा घालताना ती म्हणाली, "तीन ठोके ऐकले मी सकाळी."

तो थांबला. ती थांबली नाही, म्हणून त्याला पुन्हा चालावं लागलं.

"दिवसभर फोनवर नुसत्या आवाजावरून ओळखते मी, पडलंय कोण, भांडतंय कोण, खोटं कोण बोलतंय. माझ्या खिडकीखाली माझा भाऊ लोखंडावर काय ठोकतोय ते कळणार नाही मला?"

"मग बोलली का नाहीस?"

चौकात सिग्नल लाल होता. समोरच्या बसमधले लोक खुर्चीकडे बघत होते. तिने बसच्या तीन पायऱ्यांकडे पाहिलं.

"पहिला ठोका पडला तेव्हा बोलणार होते," ती म्हणाली. "मग म्हटलं, दोन लेटमार्क आहेत. म्हटलं, तुझ्या हातचं आहे, कळणार नाही कुणाला. दुसरा पडला तेव्हा उशी कानावर घेतली."

"म्हणजे तुलापण वाटलं, चालेल."

"मला वाटलं, चालावं. त्यात फरक आहे, पण कोर्टात नसेल."

सिग्नल सुटला. ते पलीकडे गेले.

घरी पोचल्यावर त्याने आधी खुर्चीची बॅटरी पाहिली. निम्म्याच्या थोडी खाली. पूर्ण भरायला सात तास. त्याने ती लगेच लावली. मागच्या आवारात गेला. गाडी उभी राहायची तिथे चार चाकांच्या मधली जमीन कोरडी, स्वच्छ, आणि जॅकचे दोन लाकडी ठोकळे सकाळी जिथे होते तिथेच. त्याने ते उचलून शेडमध्ये ठेवले. ठशांचा डबा उघडून पाहिला, तीन जागेवर होता, डोकं सपाट. झाकण लावून डबा दारापाशी ठेवला, म्हणजे सकाळी विसरणार नाही.

पेंटरचा फोन आला. "काय कानसराव, झालं का पासिंग?"

"लिफ्ट पास झाली," तो म्हणाला.

"बघा, म्हणालो नव्हतो?"

त्याने पुढचं सांगितलं. पेंटर म्हणाला, उद्या उशिरा आलात तरी चालेल, मालकाला मी सांगतो. कानस म्हणाला, उद्या उशिराच येणार आहे, तिला सोडून मग चौकीत जाऊन मग येईन.

आत बहिणीने भिंतीवर शहराचा नकाशा लावला होता, जो तिला कामावर रुजू झाली तेव्हा मिळाला होता आणि आजवर कपाटामागे गुंडाळून पडला होता. ती पेन्सिलने रस्ता आखत होती. जिथे फुटपाथ नाही तिथे फुली, जिथे चढ आहे तिथे रेघ. पुलावर तिने दोन फुल्या मारल्या. ज्या आवाजात ती लोकांना पत्ते विचारायची, त्याच आवाजात तिने त्याला विचारलं, पुलाच्या खालून मालगाड्यांच्या फाटकाने गेलं तर फाटक पहाटे उघडं असतं का. त्याला माहीत नव्हतं. तिने फोन उचलला, कंट्रोल रूमच्या रात्रपाळीतल्या सहकाऱ्याला लावला आणि विचारून घेतलं. फाटक पाच ते सव्वापाच बंद असतं, नंतर उघडतं. तिने ते नकाशावर लिहिलं.

उद्या बुधवार. पहिली पाळी सातला सुरू होते आणि हजेरीचं यंत्र सात वाजून पाच मिनिटांनी लेटमार्क लावतं. घरापासून कंट्रोल रूम नऊ किलोमीटर आहे. खुर्चीचा सगळ्यात जास्त वेग ताशी सहा.